दारावरची पाटी आणि नोंदवहीतले नाव

दहावी-बारावीचे निकाल लागले, की आपल्याकडे एका शब्दाला एकदम भाव चढतो. ‘समुपदेशन’ हा तो शब्द. करिअरचे समुपदेशन, विवाहपूर्व समुपदेशन, पालकांचे समुपदेशन, व्यसनमुक्तीचे समुपदेशन. वैद्यकीय प्रवेशाच्या फेऱ्यांनाही हल्ली ‘कौन्सेलिंग’च म्हणतात आणि कर्जाचे हप्ते थकले, तर त्यासाठीही समुपदेशन असते. इतकी ओझी एकाच शब्दाच्या पाठीवर लादल्यावर, दारावरची पाटी वाचून आत बसलेली व्यक्ती नेमके कोणते काम करते हे कळावे तरी कसे?

एरवी हा प्रश्न गमतीचा ठरला असता. परंतु घरातील हुशार मुलगा महिनोन्‌महिने खोलीबाहेर येईनासा होतो, बाळंतपणानंतर सून हसणेच विसरते, अपघातात हात गमावलेला भाऊ ‘आता माझा उपयोग काय’ असे पुन्हा पुन्हा म्हणू लागतो, तेव्हा त्याच पाटीच्या भरवशावर आपण आपले माणूस एका परक्या व्यक्तीच्या स्वाधीन करतो. नात्यातील कोणीतरी नाव सुचवलेले असते. ‘फार छान बोलतात, आमच्या भाचीला गुण आला,’ एवढी शिफारस पुरेशी ठरते. घराचा व्यवहार असता तर आपण सातबारा पाहिला असता, वकिलाकडून कागद तपासून घेतले असते. येथे मात्र ‘हे काम करण्याचा आपल्याला अधिकार कोणी दिला?’ असे विचारणे अनेकांना उद्धटपणाचे वाटते.

हा प्रश्न उद्धटपणाचा नाही, हे सांगण्यापूर्वी एक भेद स्पष्ट केला पाहिजे. वकिलीचे उदाहरण घेऊ. कायद्याची पदवी मिळाली म्हणून कोणी न्यायालयात उभा राहू शकत नाही. त्यासाठी वकील परिषदेची सनद लागते. पदवी सांगते, की हा मनुष्य शिकला आहे. सनद सांगते, की हा मनुष्य कोणाला तरी उत्तरदायी आहे. त्याने पक्षकाराला फसवले, तर सनद निलंबित होते, रद्दही होते. पदवी मात्र आयुष्यभर भिंतीवर लटकत राहते. आपल्या व्यापारी घरांना सनदी लेखापालाचे उदाहरण अधिक जवळचे वाटेल. वाणिज्य शाखेची पदवी असलेले हिशेबनीस गल्लोगल्ली आहेत, पण ताळेबंदावर लेखापरीक्षक म्हणून सही त्याचीच चालते, ज्याचे नाव संस्थेच्या सभासदपटावर आहे. समुपदेशनाच्या क्षेत्रात आपण भिंतीवरची प्रमाणपत्रे मोजतो आणि सनदेचे विचारायचे विसरतो. ती सनद आहे तरी कोणाकडे आणि कोणत्या कामाची, हा आजचा विषय आहे.

आपल्या देशात या दिशेने पहिले भक्कम पाऊल पडले ते अपंगांच्या पुनर्वसनाच्या क्षेत्रात. भारतीय पुनर्वसन परिषद १९८६ मध्ये नोंदणीकृत संस्था म्हणून स्थापन झाली. १९९२ मध्ये तिच्यासाठी संसदेने कायदा केला आणि २२ जून १९९३ पासून ती वैधानिक संस्था झाली. आरसीआय या इंग्रजी आद्याक्षरांनी ती अधिक ओळखली जाते. या परिषदेकडे एक केंद्रीय नोंदवही असते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, वाचा-श्रवणतज्ज्ञ, विशेष शिक्षक, कृत्रिम अवयव बनवणारे तंत्रज्ञ, पुनर्वसन मानसशास्त्रज्ञ, पुनर्वसन सामाजिक कार्यकर्ते, व्यवसाय समुपदेशक, पुनर्वसन समुपदेशक अशा एकूण १६ प्रकारच्या व्यावसायिकांची नावे तीत नोंदवली जातात. मान्यताप्राप्त संस्थेतून मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पूर्ण केल्याशिवाय नाव चढत नाही. चढलेले नावही कायमचे नसते. ठरावीक मुदतीनंतर नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी मधल्या काळात नवे शिक्षण घेतल्याचे दाखवावे लागते.

कायद्याचे कलम १३ याहून पुढे जाते. नोंदवहीत नाव नसलेल्या व्यक्तीने पुनर्वसन व्यावसायिक म्हणून भारतात कोठेही व्यवसाय करता कामा नये, असे ते स्पष्ट म्हणते. भंग केल्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंडाची रक्कम वाचून हसू येते. आज शहरातील एका तासाच्या सत्राची फीदेखील अनेक ठिकाणी याहून अधिक असते. पण तत्त्व महत्त्वाचे आहे. अपंगत्व असलेल्या माणसाच्या आयुष्याशी खेळण्याची मुभा कोणालाही असू नये, हे संसदेने १९९२ मध्येच मान्य केले.

पुनर्वसन समुपदेशक हा शब्द पुष्कळांना नवा वाटेल, म्हणून त्याच्या कामाविषयी थोडे सविस्तर लिहितो. गिरणीत किंवा रेल्वे अपघातात पाय गमावलेल्या तरुणाचे उदाहरण डोळ्यांसमोर आणा. शल्यविशारद जखम बरी करतो, तंत्रज्ञ कृत्रिम पाय बसवतो, भौतिकोपचारतज्ज्ञ चालायला शिकवतो. यानंतर तो तरुण घरी येतो आणि खरा प्रश्न तेथे सुरू होतो. पूर्वीचे काम आता होणार नाही, मग कोणते होईल? मालकाला काय सांगायचे? पत्नीच्या मिळकतीवर जगण्याची लाज कशी पेलायची? अपंगत्वाचा दाखला कोठे मिळतो, त्यातून कोणत्या सवलती मिळतात? पुनर्वसन समुपदेशक या साऱ्या प्रश्नांचा एकत्र विचार करतो. त्या माणसाची उरलेली क्षमता, त्याचे शिक्षण, घरची परिस्थिती आणि मनाची अवस्था यांची मोजदाद करून त्याला पुन्हा कामाच्या जगात आणून उभे करणे, हे त्याचे काम असते. मुंबईत हाजी अलीला १९५५ पासून अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. तेथे डॉक्टरांच्या जोडीला व्यवसाय समुपदेशक आणि सामाजिक कार्यकर्ते असतात, ते याच कारणाने. पायापेक्षा रोजगार परत मिळवणे किती तरी अवघड असते, हे अशा संस्थांत काम करणाऱ्यांना पक्के ठाऊक आहे.

आणि हे केवळ हातापायांपुरते नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे जे २१ प्रकार मानले, त्यांत मानसिक आजारही आहे. स्किझोफ्रेनियातून सावरलेला मुलगा पुन्हा नोकरीवर जाऊ इच्छितो, तेव्हा त्याला लागणारी मदत त्या पाय गमावलेल्या तरुणाला लागणाऱ्या मदतीपेक्षा फार निराळी नसते. औषधाने आवाज ऐकू येणे थांबते. सकाळी नऊची लोकल पकडण्याचे धैर्य मात्र औषधाच्या गोळीत नसते.

येथपर्यंत सारे ठीक आहे. अडचण पुढे आहे. १९९२ चा कायदा अपंगत्वाच्या दृष्टीने लिहिलेला असल्यामुळे, ज्याला कोणतेही अपंगत्व नाही, पण जो खचला आहे, भांबावला आहे, ज्याचे लग्न मोडण्याच्या बेतात आहे, त्याच्याशी बोलणारा समुपदेशक त्या नोंदवहीच्या बाहेरच राहिला. समुपदेशनासाठी जाणाऱ्यांत मोठी संख्या तर याच लोकांची आहे.

मग २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आला. तो २९ मे २०१८ पासून अमलात आहे आणि अनेक अंगांनी पुरोगामी आहे. ‘मानसिक आरोग्य व्यावसायिक’ कोण, याची व्याख्या त्यात आहे. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे वैद्यकशास्त्रातील पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर. राज्य प्राधिकरणाकडे नोंदलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मानसिक आरोग्य परिचारिका आणि मनोविकार क्षेत्रातील सामाजिक कार्यकर्ते. तसेच आयुर्वेद, होमिओपॅथी, युनानी व सिद्ध या पद्धतींत या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेले वैद्य. या यादीवरून पुन्हा एकदा नजर फिरवा. ‘समुपदेशक’ हा शब्द तीत नाही. याचा अर्थ समुपदेशन बेकायदा आहे असा नव्हे. अर्थ एवढाच, की ज्या शब्दावर आपण डोळे मिटून विश्वास टाकतो, त्या शब्दामागे या कायद्यात कोणतीही पात्रता उभी नाही.

याच कायद्याचे कलम १०६ वाचकांनी ध्यानात ठेवावे. आपल्या व्यवसायाच्या क्षेत्रात न येणारे औषध वा उपचार कोणत्याही मानसिक आरोग्य व्यावसायिकाने सुचवू नये, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टनेसुद्धा औषध लिहून देता कामा नये. असे असताना नुसती समुपदेशकाची पाटी लावलेली व्यक्ती ‘या गोळ्यांनी सवय लागते, बंद करा, मी ध्यानाने बरे करतो’ असे सांगू लागली, तर तेथून त्याच क्षणी उठावे. या क्षेत्रातील सर्वांत मोठी हानी वाईट सल्ल्याने होत नाही, ती चालू औषध अचानक थांबवल्याने होते. तीव्र नैराश्य, द्विध्रुवी विकार, स्किझोफ्रेनिया यांची औषधे एकाएकी सोडणाऱ्याचा आजार उलटतो आणि तो उलटलेला आजार कधी कधी जिवावर बेततो. आपल्या घरांत औषधांविषयी आधीच संकोच असतो. ‘मुलीला गोळ्या चालू आहेत’ हे स्थळ बघताना कळू नये, अशी आईची धडपड असते. त्या संकोचाला कोणी ‘गोळ्या सोडा’ म्हणणारा भेटला, की तो देवदूत वाटू लागतो.

समुपदेशकांची ही मोकळी जागा भरण्यासाठी २०२१ मध्ये संसदेने तिसरा कायदा केला. संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग नेमणारा हा कायदा. भौतिकोपचारतज्ज्ञ, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, आहारतज्ज्ञ यांच्याबरोबर त्याच्या अनुसूचीत ‘वर्तन आरोग्य विज्ञान’ असा एक गट आहे आणि त्यात मानसशास्त्रज्ञ, वर्तन विश्लेषक, आरोग्य समुपदेशक, मनोविकार व वैद्यकीय सामाजिक कार्यकर्ते यांचा समावेश केला आहे. राष्ट्रीय आयोग, प्रत्येक राज्यात परिषद, दोन्हीकडे नोंदवही, अभ्यासक्रमाचे किमान निकष, असा त्याचा आराखडा आहे. कागदावर आराखडा उत्तम आहे. प्रत्यक्षात राज्य परिषदा वेळेवर स्थापन झाल्या नाहीत आणि ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला केंद्र व राज्यांना मुदत घालून द्यावी लागली. सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही म्हण येथे तोकडी पडावी. ही यंत्रणा प्रत्येक राज्यात नीट चालू लागेपर्यंत पाटी लावण्याचे स्वातंत्र्य जवळजवळ अबाधित राहणार आहे.

दरम्यान मागणी मात्र थांबलेली नाही. विशाखापट्टणम येथे वसतिगृहात राहून ‘नीट’ परीक्षेची तयारी करणाऱ्या १७ वर्षांच्या विद्यार्थिनीच्या मृत्यूचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने त्यात देशभरासाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा. लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडून ठेवावा. कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यावे. शाळा-महाविद्यालयांबरोबरच शिकवणी वर्ग आणि वसतिगृहेही यात आली. कायदा होईपर्यंत ही तत्त्वे बंधनकारक आहेत.

निर्णय स्वागतार्हच आहे. पण त्यातील ‘पात्र’ या शब्दापाशी क्षणभर थांबावे लागते. नेमणूक करणाऱ्या प्रत्येक संचालकाला आता पात्र मनुष्य हवा आहे आणि पात्र कोणाला म्हणावे, हे सांगणारी नोंदवही अजून घडते आहे. बाल व किशोरवयीन मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण दाखवता आले पाहिजे, एवढी खूण न्यायालयाने दिली आहे. तिच्याकडे डोळेझाक करून दोन-चार दिवसांच्या ऑनलाईन वर्गाचे रंगीत प्रमाणपत्र घेतलेल्या एखाद्या शिक्षकावर समुपदेशकाची जबाबदारी सोपवणे फार सोपे आहे. निरीक्षकाच्या अहवालात रकाना भरतो; मुलीच्या खोलीचे दार बंदच राहते.

हे आपल्या समाजाच्याही दाराशी आलेले आहे. आपली वसतिगृहे आहेत, शाळा आहेत, तेथे गावाकडून आलेली मुले-मुली राहतात. विश्वस्त मंडळे मेसच्या धान्याची प्रत पाहतात, इमारतीच्या आगप्रतिबंधक यंत्रणेचा दाखला मागतात. त्याच बैठकीत समुपदेशकाच्या शिक्षणाचा आणि नोंदणीचा कागद पटलावर आला पाहिजे. वधू-वर मेळाव्यात अर्ध्या तासाचे व्याख्यान देणाऱ्याला कोणती पदवी आहे, याने फारसे बिघडत नाही. मुलांशी बंद दाराआड बोलणाऱ्याला आहे की नाही, याने बिघडते.

आता एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे, कारण तो पोकळ नाही. निम्हान्सच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के व्यक्तींना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले आणि निरनिराळ्या विकारांत उपचारापर्यंत न पोहोचलेल्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्क्यांपर्यंत होते. तज्ज्ञ मूठभर आणि तेही शहरांत. अशा वेळी नोंदवहीची कडी घट्ट केली, तर आहे ती मदतही आटेल, असे काही जाणकार म्हणतात. आपल्या शेजारच्या गोव्यात याचे उत्तर शोधण्याचा गंभीर प्रयत्न झाला आहे. डॉ. विक्रम पटेल आणि ‘संगाथ’ या संस्थेतील त्यांच्या सहकाऱ्यांनी मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक व्यक्तींना प्रशिक्षण देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रांत समुपदेशक म्हणून नेमले. त्यांच्या मदतीने सरकारी केंद्रांतील नैराश्य व चिंताविकाराचे रुग्ण बरे होण्याचे प्रमाण वाढले, हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात तर १९८६ पासून हे काम चालू आहे आणि स्वतः व्यसनातून बाहेर आलेली माणसे तेथे इतरांना बाहेर काढण्याचे काम करतात. पुस्तकातून न येणारे काहीतरी त्यांच्यापाशी असते, हे मान्य करायला हवे.

तेव्हा पदवीवाचून मदत होतच नाही, असे म्हणण्यात अर्थ नाही. पण गोव्यातील त्या समुपदेशकांभोवती काय होते, तेही पाहावे. त्यांचे काम आखून दिलेले होते, त्यांच्या कामावर तज्ज्ञांची देखरेख होती आणि आजार गंभीर असेल तर रुग्ण डॉक्टरांकडे सोपवला जात होता. ते एकटे नव्हते. कोणी तरी त्यांना विचारणारे होते. स्वतःच्या घरातील खोलीत, कोणाच्याही देखरेखीविना, ‘मी सर्व प्रकारच्या मानसिक समस्या सोडवतो’ अशी जाहिरात करणाऱ्याने गोव्याच्या प्रयोगाचा दाखला देऊ नये. माझ्या मते पाटी लावणाऱ्याला पारखण्याची हीच खरी कसोटी आहे. तो किती शिकला, याइतकेच तो कोणाला उत्तरदायी आहे, हे महत्त्वाचे.

परदेशात हे प्रश्न सुटले आहेत, असा आपला समज असतो. अमेरिकेत पुनर्वसन समुपदेशकांना प्रमाणित करणारा स्वतंत्र आयोग १९७४ मध्ये स्थापन झाला. तो देशभर एकच आहे आणि त्याची परीक्षा उत्तीर्ण झालेले नावापुढे ‘सीआरसी’ लावतात. व्यवसायाचा परवाना मात्र प्रत्येक राज्य वेगळा देते. व्हर्जिनियाने समुपदेशकांच्या परवान्याचा कायदा १९७६ मध्ये सर्वप्रथम केला आणि कॅलिफोर्नियाने तो केला २००९ मध्ये. तेव्हा कोठे पन्नास राज्ये पूर्ण झाली. म्हणजे तेथेही ३३ वर्षे लागली. हे सांगण्याचे एक व्यावहारिक कारण आहे. आपली बरीच मुले तिकडे शिकतात. मुलगा न्यू जर्सीत उदास झाला, की आई पुण्यातील ओळखीच्या समुपदेशकांची ऑनलाईन वेळ घेते. मातृभाषेत बोलायला मिळते, हा त्यातील मोठा दिलासा आहे आणि तो नाकारू नये. परंतु तेथील नियम सामान्यतः रुग्ण जेथे बसला आहे त्या राज्याचा परवाना मागतो. प्रसंग बिकट झाला, मुलाला रात्री रुग्णालयात न्यावे लागले, तर पुण्यातील व्यक्ती काही करू शकत नाही. म्हणून पुण्याशी बोलणे चालू ठेवले, तरी मुलाच्या विद्यापीठातील समुपदेशन केंद्राशी त्याची गाठ घालून द्यावी.

या क्षेत्राला व्यवसाय म्हणून निवडू पाहणाऱ्या मुलामुलींच्या पालकांसाठीही एक सूचना. मानसशास्त्रात एम.ए. केले, म्हणजे मुलगी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट झाली, असा समज सर्वत्र आहे. तसे नाही. त्यासाठी परिषदेने मान्य केलेले, रुग्णालयात देखरेखीखाली काम करून घेतलेले प्रशिक्षण लागते. आजवर तो मार्ग दोन वर्षांच्या पूर्णवेळ एम.फिल.मधून जात असे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमांनी एम.फिल. पदवीच बंद केली, मग या विषयापुरती २०२५-२६ पर्यंत सवलत दिली. म्हणजे रस्ता बदलतो आहे. म्हणून फी भरण्यापूर्वी त्या महाविद्यालयाचे आणि त्या विशिष्ट अभ्यासक्रमाचे नाव परिषदेच्या चालू वर्षाच्या यादीत आहे का, हे स्वतः पाहावे. प्रवेश कार्यालयातील व्यक्तीच्या तोंडी आश्वासनावर राहू नये. समुपदेशन मानसशास्त्रात एम.ए. किंवा समाजकार्यात पदव्युत्तर पदवी घेऊन उत्तम काम करणारे पुष्कळ आहेत. कुटुंब न्यायालयातील विवाह समुपदेशकांची नेमणूक तर १९८४ च्या कायद्यातील तरतुदीनेच होते. त्यांचा मार्ग निराळा आहे, कमी प्रतीचा नाही. फक्त एकाने दुसऱ्याची पाटी लावू नये.

तर मग पहिल्या भेटीत काय विचारावे? शिक्षण कोठे झाले आणि प्रत्यक्ष रुग्णांबरोबर कोणाच्या देखरेखीखाली काम केले, हे विचारावे. पुनर्वसन परिषदेकडे किंवा अन्य वैधानिक नोंदवहीत नाव आहे का, असल्यास क्रमांक काय, हे विचारावे. क्रमांक सांगितला, तर तो परिषदेच्या संकेतस्थळावर ताडून पाहता येतो. मनोविकारतज्ज्ञ असतील, तर महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे. आपल्या आवाक्याबाहेरचा रुग्ण आला तर कोणाकडे पाठवता, हा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो. चांगला समुपदेशक दोन-तीन नावे चटकन सांगतो. ‘माझ्याकडून कोणाला पाठवावे लागत नाही’ असे उत्तर आले, तर बाकीची प्रमाणपत्रे पाहण्याची गरज उरत नाही. गोपनीयतेविषयीही विचारावे आणि येथे पालकांनी स्वतःला आवर घालावा. मुलीने काय सांगितले, ते सारे आईला कळावे, अशी अपेक्षा धरून समुपदेशन होत नाही. याला अपवाद आहेत. जिवाला धोका असेल तर सांगावेच लागते आणि अल्पवयीन मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर २०१२ च्या पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. हे अपवाद पहिल्याच भेटीत सांगणारा समुपदेशक आपले काम जाणतो, असे समजावे.

या प्रश्नांनी समोरची व्यक्ती दुखावेल, ही भीती बाळगू नये. डॉक्टरांनी औषधाच्या चिठ्ठीवर आणि पावतीवर आपला नोंदणी क्रमांक द्यावा, असा वैद्यक परिषदेचा नियम २००२ पासून आहे आणि त्याने एकाही डॉक्टरांचा मान कमी झाला नाही. नोंदणी असलेले मानसशास्त्रज्ञ आपला क्रमांक लेटरहेडवर आपणहून छापतात. वर्षानुवर्षे कष्ट करून तो मिळवलेला असतो. कोणी विचारले, तर त्यांना बरेच वाटते.

आणि वेळ या सगळ्या चौकशीची नसेल, रात्र असेल, घरात कोणी ‘जगावेसे वाटत नाही’ म्हणत असेल, तर केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. दूरध्वनीला पैसे पडत नाहीत, दिवसरात्र कोणीतरी उचलते आणि मराठीत बोलता येते.